सर्दीची गोळी एक, औषधे तीन-चार : नाक मोकळे करणारी आणि ॲलर्जीरोधक मिश्रणे जपून कशी वापरावीत?

रानजाई (धागाकर्ती)

मी नोंदणीकृत औषधनिर्माती आहे आणि बरीच वर्षे मेडिकलच्या दुकानात काम करते. पावसाळा सरून दिवाळीची साफसफाई सुरू झाली की "सर्दीची एखादी चांगली गोळी द्या" ही मागणी काउंटरवर दिवसभर ऐकू येते. मागणाऱ्याला विषाणूमुळे सर्दी झाली आहे की माळ्यावरची धूळ नाकात गेल्याने ॲलर्जी उठली आहे, त्याला रक्तदाबाचा त्रास आहे का, गोळी घेऊन तो लगेच दुचाकीवर बसणार आहे का, यांपैकी काहीही विचारले जाण्याआधी अनेक दुकानांत स्ट्रिप कापून चार गोळ्या कागदी पाकिटात पडलेल्या असतात. या औषधांविषयी शांतपणे बोलणे व्हावे, म्हणून हा धागा काढत आहे.

सर्दीच्या संयुक्त गोळीत साधारणपणे तीन औषधे असतात. ताप आणि अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल, चोंदलेले नाक मोकळे व्हावे म्हणून फेनिलेफ्रिन आणि शिंका व नाक गळणे थांबावे म्हणून क्लोरफेनिरामिनसारखे अँटीहिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीरोधक औषध. काही गोळ्यांत कॅफिनही असते. पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, फेनिलेफ्रिन १० मिलिग्रॅम आणि क्लोरफेनिरामिन २ मिलिग्रॅम हे आपल्याकडचे अगदी नेहमीचे प्रमाण आहे. कंपनीचे नाव मोठ्या रंगीत अक्षरांत छापलेले असते आणि ही तीन नावे मागच्या चंदेरी बाजूवर बारीक अक्षरांत असतात. माझे सगळे सांगणे त्या बारीक अक्षरांविषयी आहे. गोळी एक असली तरी तिच्यातल्या प्रत्येक औषधाची आपल्याला गरज आहे का आणि ते आपल्या प्रकृतीला चालेल का, हे दोन प्रश्न प्रत्येक घटकासाठी वेगवेगळे विचारावे लागतात.

सुरुवात पॅरासिटामॉलपासून करते, कारण घरोघरी होणारा घोटाळा बहुधा तिथेच असतो. ताप आला म्हणून एखादी व्यक्ती ६५० मिलिग्रॅमची तापाची गोळी दिवसातून चार वेळा घेते, म्हणजे २६०० मिलिग्रॅम होतात. सोबत सर्दीसाठी ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असलेली संयुक्त गोळी तीन वेळा घेतली की त्यात १५०० मिलिग्रॅमची भर पडते आणि एकूण आकडा ४१०० वर जातो. निरोगी प्रौढ माणसासाठी चोवीस तासांतील कमाल मर्यादा ४००० मिलिग्रॅम मानली जाते, आणि वजन कमी असेल, यकृताचा आजार असेल किंवा नियमित मद्यपान असेल तर ती याहून बरीच खाली आणावी लागते. घेणाऱ्याच्या लेखी मात्र त्याने तापाची एक आणि सर्दीची एक अशी दोन वेगळी औषधे घेतलेली असतात. क्रोसिन, कालपोल, डोलो ही सगळी पॅरासिटामॉलचीच नावे आहेत. त्यामुळे संयुक्त गोळी सुरू असताना तापाची वेगळी गोळी घेण्यापूर्वी बेरीज करून पाहणे अत्यावश्यक आहे. यकृताला होणारी इजा पहिल्या दिवशी जाणवेलच असे नाही. मळमळ आणि थकवा एवढ्यावरच एक-दोन दिवस निघून जाऊ शकतात. म्हणून मात्रा जास्त झाल्याचे लक्षात आले, तर काही होत नाही असे वाटत असले तरी ताबडतोब रुग्णालयात जावे. यावर उतारा उपलब्ध आहे आणि तो जितका लवकर दिला जाईल तितका उपयोगी पडतो.

बाकीच्या दोन घटकांविषयी सदस्यांच्या प्रश्नांच्या ओघात लिहीन. आपल्या घरात रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, प्रोस्टेट, थायरॉइड यांपैकी कशाचेही औषध चालू असेल, तर ते प्रश्नात आवर्जून नमूद करावे.

---

कृष्णाकाठ

रानजाईताई, धागा अगदी योग्य वेळी काढलात. माझ्या वडिलांचे वय बहात्तर आहे. प्रोस्टेट वाढल्यामुळे त्यांना रोज रात्री टॅमसुलोसिनची गोळी असते आणि तिच्यावर त्यांचे व्यवस्थित चालले होते. गेल्या हिवाळ्यात सर्दी झाली म्हणून त्यांनी दुकानातून संयुक्त गोळी आणली आणि दोन दिवस घेतली. दुसऱ्या रात्री त्यांची लघवी पूर्ण तुंबली. ओटीपोट फुगून टणक झाले, त्यांना बसताही येईना आणि पहाटे रुग्णालयात नेऊन नळी घालावी लागली. तिथल्या डॉक्टरांनी "सर्दीचे काही घेतले होते का?" हा प्रश्न सर्वांत आधी विचारला, याचे आम्हाला तेव्हा आश्चर्य वाटले. सर्दीच्या गोळीचा लघवीशी नेमका काय संबंध आहे, हे कोणी समजावून सांगेल का?

---

नाककानघसा

मी कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे, म्हणून उत्तर देतो. आपल्या वडिलांच्या बाबतीत गोळीतील दोन घटकांनी दोन बाजूंनी अडथळा केला. क्लोरफेनिरामिन हे जुन्या पिढीचे अँटीहिस्टामिन आहे. ते ॲलर्जी उठवणाऱ्या हिस्टामिन या रसायनाला अडवतेच, शिवाय ॲसिटिलकोलिन या दुसऱ्या रसायनाचे कामही मंदावते. तोंड कोरडे पडणे, बद्धकोष्ठता होणे, जवळचे धूसर दिसणे हे सगळे त्यातूनच होते आणि मूत्राशयाच्या स्नायूचे आकुंचनही त्यातूनच अशक्त होते. दुसरीकडे फेनिलेफ्रिन नाकातल्या रक्तवाहिन्या ज्या प्रकारच्या ग्राहींवर (पेशींवर औषध जिथे जोडले जाते त्या जागांवर) काम करून आकसवते, त्याच प्रकारच्या ग्राही मूत्राशयाच्या तोंडाशी आणि प्रोस्टेटमध्येही असतात, म्हणून तिथला स्नायूही आवळला जाऊ शकतो. टॅमसुलोसिनचे काम नेमका तो स्नायू सैल ठेवण्याचे आहे. म्हणजे एक गोळी दार उघडू पाहत होती, दुसरी ते ओढून घेत होती आणि आतून ढकलणारा जोरही कमी झाला होता.

वाढलेल्या प्रोस्टेटचा त्रास असलेल्या पुरुषांनी अशी संयुक्त गोळी स्वतःच्या मनाने घेऊच नये. डोळ्याच्या अरुंद कोनाच्या काचबिंदूलाही हेच लागू आहे, कारण बाहुली विस्फारल्याने डोळ्यातील दाब एकाएकी वाढू शकतो. वृद्धांमध्ये आणखी एक गोष्ट मी वारंवार पाहतो. क्लोरफेनिरामिनचा शरीरातील निम्मा अंश निघून जायलाच वीस तासांच्या आसपास लागू शकतात. रात्री घेतलेल्या गोळीची गुंगी म्हणूनच दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रेंगाळते. त्या गुंगीत तोल जाऊन आजी-आजोबा न्हाणीघरात पडतात किंवा संध्याकाळी असंबद्ध बोलू लागतात, आणि घरच्यांना तो वयाचा परिणाम वाटतो. वृद्धांसाठी टाळण्याजोग्या औषधांच्या प्रसिद्ध बीअर्स यादीत जुन्या पिढीची अँटीहिस्टामिन्स आहेत, ती याच कारणांमुळे.

---

घाटवाट

मी मालवाहू गाडी चालवतो आणि महिन्यातले बरेच दिवस रात्रीच्या प्रवासात जातात. धुळीमुळे मला बारा महिने शिंका येतात. झोप न आणणारी ॲलर्जीची गोळी खरोखर असते का, की सगळ्यांनी थोडीफार झोप येतेच? सहकारी चालक लिव्होसेटिरिझिन घेऊन गाडी चालवतात आणि काही होत नाही असे सांगतात.

---

रानजाई

घाटवाट, आपला प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण त्यात रस्त्यावरच्या इतर माणसांचाही जीव गुंतलेला आहे. क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन, प्रोमेथाझिन ही जुनी औषधे मेंदूत सहज शिरतात आणि ती घेऊन वाहन चालवणे पूर्णपणे अयोग्य आहे. झोप आल्याची जाणीव होत नसली, तरी ब्रेकवर पाय जाण्याचा वेग त्यांनी मंदावतो. सेटिरिझिन आणि लिव्होसेटिरिझिन ही नंतरच्या पिढीची औषधे आहेत, तरीही काही जणांना त्यांनी चांगलीच गुंगी येते. आपल्या सहकाऱ्यांना ती येत नाही, याचा अर्थ आपल्याला येणार नाही असा होत नाही. मेंदूत सर्वांत कमी शिरणारे औषध म्हणून फेक्सोफेनाडिनकडे पाहिले जाते. लोराटाडिनही नेहमीच्या मात्रेत फारशी झोप आणत नाही. तरी यांपैकी कोणतेही औषध पहिल्यांदा घ्यायचे, ते सुट्टीच्या दिवशी घरी घेऊन पाहावे. कोणत्याही अँटीहिस्टामिनसोबत मद्य घेऊ नये.

फेक्सोफेनाडिनविषयी एक गोष्ट दुकानात क्वचितच सांगितली जाते. ते साध्या पाण्यासोबतच घ्यावे. संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसासोबत घेतल्यास आतड्यातून ते कमी शोषले जाते आणि मग "गोळी लागू पडत नाही" अशी तक्रार होते.

मात्र आपल्याला बारा महिने त्रास आहे, तर ही सर्दीची संयुक्त गोळी आपले औषधच नव्हे. आपल्याला ताप नसतो, मग पॅरासिटामॉल कशासाठी घ्यायचे? वर्षभराच्या ॲलर्जीवर नाकात मारायच्या फवाऱ्याविषयी डॉक्टरसाहेबांनी लिहावे, ही विनंती.

---

तिन्हीसांज

माझी मुलगी दोन वर्षांची आहे. पाळणाघरात जाऊ लागल्यापासून तिला सतत सर्दी होते. शेजारच्या काकूंनी त्यांच्या नातवाचे सर्दीचे ड्रॉप्स आणून दिले आहेत आणि "अर्धा ड्रॉपर दे, रात्री शांत झोपेल" असे त्या सांगतात. बाटलीवर क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन ही नावे आहेत. द्यावे का?

---

नाककानघसा

कृपया देऊ नका. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये आणि तसा इशारा वेष्टनावर छापावा, असे निर्देश भारताच्या औषध महानियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिले होते आणि एप्रिल २०२५ मध्ये केंद्र सरकारने त्याची अधिसूचनाही काढली. काकूंच्या घरची बाटली त्याआधीची असेल, तर तिच्यावर हा इशारा नसण्याची शक्यता आहे. अमेरिकेत दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची दुकानी (चिठ्ठीशिवाय मिळणारी) औषधे देऊ नयेत असा इशारा २००८ मध्येच दिला गेला आणि नंतर उत्पादकांनी स्वतःहून ती मर्यादा चार वर्षांपर्यंत नेली. ब्रिटनमध्ये ही मर्यादा सहा वर्षांची आहे.

कारण असे आहे, की प्रौढांना आणि मोठ्या मुलांना अशा मिश्रणांनी थोडाफार आराम मिळतो, पण लहान मुलांत तो फायदा दिसून आलेला नाही. धोका मात्र त्यांनाच अधिक असतो. ड्रॉपरमधले काही थेंब इकडे-तिकडे झाले तरी एवढ्याशा शरीरात मात्रा दुप्पट होऊ शकते. काही बाळे गुंगण्याऐवजी उलट चिडचिडी आणि अस्वस्थ होतात, तर काहींचा श्वास मंदावतो. मूल शांत झोपावे म्हणून अँटीहिस्टामिन देण्याची जी सवय अनेक घरांत आहे, ती मला अतिशय काळजीची वाटते. झोप आली म्हणजे सर्दी बरी झाली असे नसते.

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात सर्दी-खोकल्याच्या दूषित सिरपमुळे बालकांचे मूत्रपिंड निकामी झाले आणि अनेक बालके दगावली, हे आपल्याला आठवत असेल. त्यांतील कित्येकांना उपचारासाठी नागपूरला आणले होते. त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रावक मिसळले गेले होते. तो उत्पादनातील अक्षम्य गुन्हा होता आणि आपण इथे बोलतो आहोत त्या दुष्परिणामांशी त्याची गल्लत करू नये. परंतु ते सिरप मुळात पॅरासिटामॉल, फेनिलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन यांचेच मिश्रण होते आणि त्यामुळे दगावलेली बहुतेक मुले पाच वर्षांखालची होती. ज्या औषधाची त्या वयाला गरज नव्हती, ते घराघरांत पोहोचले होते. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे लिहून देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली ती सहसा टाळावीत, अशी सूचना राज्यांना दिली.

आपल्या मुलीसाठी मेडिकलमध्ये मिळणारे मिठाच्या पाण्याचे थेंब उत्तम आहेत. दूध पाजण्याआधी आणि झोपवण्याआधी दोन्ही नाकपुड्यांत एक-दोन थेंब घालावेत, थोडे थांबून नाक हलकेच पुसावे किंवा रबरी फुग्याने ओढून घ्यावे. पातळ पेज, सूप, पाणी वरचेवर द्यावे. उकळत्या पाण्याची वाफ एवढ्या मुलांना देऊ नये, भांडे कलंडून भाजल्याच्या घटना होतात. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, मूल दूध पिईनासे झाले असेल, लघवी कमी झाली असेल किंवा ते मलूल पडले असेल, तर रात्र असली तरी वाट पाहू नये.

---

तिन्हीसांज

मनःपूर्वक आभार. बाटली परत करते आणि काकूंनाही हे वाचून दाखवते, कारण त्यांचा नातू अजून तीन वर्षांचाच आहे.

---

हडसनकाठ

मी न्यू जर्सीत राहते. फेनिलेफ्रिन तोंडावाटे घेतल्यास उपयोगच होत नाही, असे इथे वाचनात आले. दुसरीकडे नावापुढे डी असलेल्या ॲलर्जीच्या गोळ्या औषधाच्या काउंटरवर ओळखपत्र दाखवूनच मिळतात. माझे सासरे पुण्याहून येणार आहेत आणि त्यांना रक्तदाब आहे, म्हणून या दोहोंतला फरक नीट समजून घ्यायचा आहे.

---

रानजाई

आपण वाचलेले बरोबर आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने सोळा विरुद्ध शून्य अशा मताने सांगितले, की तोंडावाटे घेतलेले फेनिलेफ्रिन नेहमीच्या मात्रेत नाक मोकळे करत असल्याचा पुरावा नाही. त्याचा मोठा भाग आतड्याच्या भिंतीत आणि यकृतातच मोडून जातो आणि नाकापर्यंत फारच थोडे पोहोचते. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या प्रशासनाने तोंडावाटे घ्यायच्या दुकानी औषधांतून हा घटक काढण्याचा प्रस्तावही मांडला. हा निष्कर्ष गोळ्या आणि सिरपपुरता आहे, नाकात मारायच्या फेनिलेफ्रिनच्या फवाऱ्याला तो लागू नाही. आपल्याकडच्या संयुक्त गोळ्यांत मात्र तेच फेनिलेफ्रिन अजून आहे. म्हणून गोळी घेऊनही नाक चोंदलेलेच राहते म्हणणाऱ्या ग्राहकाला मी दुसरी गोळी देत नाही, कारण दोष मात्रेचा नसतो.

नावापुढे डी असलेल्या गोळ्यांत, उदाहरणार्थ क्लॅरिटिन-डी किंवा ॲलेग्रा-डी यांत, अँटीहिस्टामिनसोबत स्यूडोएफेड्रिन असते. त्याने नाक खरोखर मोकळे होते, पण ते हृदयाची गती आणि रक्तदाबही वाढवू शकते. त्यापासून मेथॲम्फेटामिन हे अमली द्रव्य बनवले जात असल्यामुळे अमेरिकेने कायदा करून २००६ पासून ते काउंटरच्या आत ठेवायला लावले. ओळखपत्र, नोंदवही आणि दिवसाला ३.६ ग्रॅमची विक्रीमर्यादा त्यातूनच आली. भारतातही स्यूडोएफेड्रिन हे अमली पदार्थविषयक कायद्याखालील नियंत्रित द्रव्य आहे.

सासऱ्यांच्या बाबतीत हे स्पष्टपणे सांगते : रक्तदाब आटोक्यात नसेल, हृदयविकार असेल किंवा मूत्रपिंडाचा गंभीर आजार असेल, तर स्यूडोएफेड्रिन नकोच. मेंदूतील रक्तवाहिन्या आकसून होणाऱ्या, विरळ पण गंभीर त्रासाच्या नोंदी तपासून युरोपीय औषध संस्थेनेही २०२४ च्या सुरुवातीला असाच इशारा दिला. एकाएकी असह्य डोकेदुखी, झटके, दृष्टीत बदल किंवा गोंधळल्यासारखे होणे असे काही झाले, तर औषध थांबवून तातडीने रुग्णालय गाठावे. रक्तदाब आटोक्यात असला तरी त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशी गोळी देऊ नये. मिठाच्या पाण्याचा फवारा आणि डी नसलेली साधी लोराटाडिन किंवा फेक्सोफेनाडिन त्यांना अधिक सुरक्षित ठरेल. पार्किन्सनसाठी सेलेजिलिन किंवा रासाजिलिन, तसेच लिनेझोलिड हे प्रतिजैविक चालू असणाऱ्यांनी नाक मोकळे करणाऱ्या गोळ्यांपासून लांबच राहावे, कारण रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत चढू शकतो.

भारतातील ज्येष्ठांना आणखी एक औषध आठवत असेल. फेनिलप्रोपॅनोलामिन हा घटक पूर्वी आपल्या सर्दीच्या गोळ्यांत सर्रास असे. मेंदूतील रक्तस्रावाशी त्याचा संबंध दिसल्यावर अमेरिकेने नोव्हेंबर २००० मध्ये तो मागे घ्यायला सांगितला, आपल्याकडे बंदी यायला २०११ साल उजाडले. या दहा वर्षांच्या उशिराचे मला आजही दुःख वाटते.

---

लाल_माती

मी मुलींना कुस्तीचे प्रशिक्षण देतो. स्पर्धेच्या आदल्या दिवशी कोणाला सर्दी झाली, तर सर्दीच्या गोळीमुळे उत्तेजक चाचणीत अडचण येऊ शकते का?

---

नाककानघसा

येऊ शकते. स्यूडोएफेड्रिन स्पर्धेच्या काळात ठरावीक मर्यादेपलीकडे लघवीत आढळल्यास ते निषिद्ध मानले जाते. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये रुमानियाची जिम्नॅस्ट अँड्रिया रडुकान हिचे सुवर्णपदक सर्दीच्या गोळीतील याच घटकामुळे काढून घेण्यात आले. फेनिलेफ्रिन आणि नेहमीची अँटीहिस्टामिन्स निषिद्ध यादीत नाहीत, पण अँटीहिस्टामिनच्या गुंगीत आखाड्यात उतरणे हाही धोकाच आहे. नोंदणीकृत खेळाडूंनी प्रत्येक औषध त्या वर्षीच्या यादीशी ताडून पाहावे.

रानजाईंनी सोपवलेले कामही इथेच करतो. घाटवाट यांच्यासारखी नाकाची ॲलर्जी, मग ती घरातल्या धुळीतील माइट्स या सूक्ष्म किड्यांची असो, कोकण-मुंबईच्या दमट भिंतींवरील बुरशीची असो की गाजरगवताच्या परागांची, तिच्यावर रोजचा मुख्य उपाय म्हणजे फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनचा नाकातला फवारा. ही स्टिरॉइड प्रकारची औषधे आहेत आणि तो शब्द ऐकून लोक घाबरतात. नाकात मारलेल्या या औषधाचा फारच थोडा अंश रक्तात जातो. त्याचा पूर्ण परिणाम दिसायला आठवडा-दोन आठवडे लागतात, त्यामुळे दोन दिवसांत फरक नाही म्हणून तो सोडू नये. बहुतेक जण तो चुकीचा मारतात. मान मागे न टाकता किंचित पुढे झुकवावी, उजव्या नाकपुडीसाठी बाटली डाव्या हातात आणि डाव्या नाकपुडीसाठी उजव्या हातात धरावी, म्हणजे टोक मधल्या पडद्याकडे न जाता बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या कानाकडे वळते. फवारा मारताना हलकाच श्वास घ्यावा. जोरात ओढल्यास औषध घशात उतरते आणि नाकाला काहीच मिळत नाही. पडद्यावरच मारा झाला तर नाकातून रक्त येऊ लागते.

हा फवारा आणि झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब यांत मात्र कधीही गल्लत करू नये. ओट्रिव्हिन, नॅसिव्हिऑन या नावांनी ओळखले जाणारे हे थेंब मिनिटांत नाक मोकळे करतात, म्हणूनच त्यांची चटक लागते. तीन ते पाच दिवसांपलीकडे वापरले की औषधाचा असर उतरताच नाक आधीपेक्षा जास्त चोंदते, माणूस पुन्हा थेंब घालतो आणि हे चक्र महिनोन् महिने चालते. खिशात ही बाटली नसेल तर झोपच येत नाही असे सांगणारे रुग्ण माझ्याकडे नियमितपणे येतात. त्यांची ही सवय सोडवताना फवाऱ्याचा आधार घ्यावा लागतो आणि दोघांनाही बराच धीर धरावा लागतो.

---

घाटवाट

डॉक्टर, आपण सांगितलेल्या पद्धतीने फवारा मारून पाहीन. मला एका ठिकाणी लिव्होसेटिरिझिन आणि माँटेलुकास्ट असे एकत्र औषध दिले होते आणि ते मी मधूनमधून बराच काळ घेत आलो आहे. ते चालू ठेवावे का?

---

नाककानघसा

ज्यांनी ते दिले त्यांना पुन्हा भेटून ठरवावे. माँटेलुकास्टमुळे काही जणांत भयंकर स्वप्ने, चिडचिड, नैराश्य, अगदी आत्महत्येचे विचारही उद्भवतात, म्हणून अमेरिकेने मार्च २०२० मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला आणि केवळ नाकाच्या ॲलर्जीसाठी इतर उपाय पुरेसे नसतील तरच ते द्यावे असे सुचवले. आपल्याला दमा असेल तर हिशेब वेगळा होतो. लिव्होसेटिरिझिन महिनोन् महिने रोज घेऊन एकदम थांबवल्यावर काही थोड्या लोकांना अंगभर तीव्र खाज सुटते, असाही इशारा मे २०२५ मध्ये तिथे दिला गेला. तसे झाल्यास घाबरून न जाता डॉक्टरांना कळवावे.

---

कृष्णाकाठ

वरचे सर्व वाचून घरातली औषधांची पेटी तपासली. सर्दीच्या गोळ्यांचे अर्धे कापलेले बरेच तुकडे निघाले. काहींवर नाव आहे, पण घटक नाहीत. काहींवर घटक आहेत, पण मुदतीची तारीख कापली गेली आहे. यांतील काय ठेवावे?

---

रानजाई

घटक आणि मुदत ही दोन्ही ज्या तुकड्यावर वाचता येतात, तेवढाच ठेवावा. मुदत शिल्लक असली तरी जुनी मिश्रणे ठेवताना विचार करावा, कारण केंद्र सरकारने २०१८ मध्ये ३२८ आणि ऑगस्ट २०२४ मध्ये १५६ संयुक्त औषधांवर बंदी घातली. या दुसऱ्या यादीत सर्दी-तापाची काही मिश्रणेही होती. दुकानातून निघून गेलेली गोळी आपल्या पेटीत मात्र राहू शकते. टाकून देताना गोळ्या वेष्टनातून काढाव्यात, चहाच्या चोथ्यात किंवा मातीत मिसळाव्यात आणि पिशवी बांधून कचऱ्यात द्याव्यात, म्हणजे कोणी वेचून त्या पुन्हा वापरणार नाही. त्या शौचालयात टाकू नयेत.

यापुढे चारच गोळ्या घेतल्या, तरी स्ट्रिपच्या मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढू द्या, असे दुकानदाराला सांगावे. आपल्या वडिलांसाठी गोळी घेताना "प्रोस्टेटची गोळी चालू आहे" हे वाक्य सर्दीचा उल्लेख करण्याआधी म्हणावे. टॅमसुलोसिन लिहिलेली चिठ्ठी सोबत असेल तर अधिक चांगले. साध्या सर्दीसाठी त्यांना मिठाच्या पाण्याचा फवारा, वाफ आणि ताप किंवा अंगदुखी असेल तेव्हा नुसते पॅरासिटामॉल द्यावे. जलनेती करत असतील, तर पाणी उकळून गार केलेलेच हवे, नळाचे थेट वापरू नये. दहा दिवसांनंतरही नाक तसेच राहिले, तीन दिवसांहून जास्त ताप टिकला किंवा बरे वाटू लागल्यावर पुन्हा ताप आणि गालाच्या एका बाजूचे दुखणे सुरू झाले, तर पुढची गोळी दुकानातून न आणता डॉक्टरांना दाखवावे.